मारावीच्या भिंती

'सैन्याने शहर पुन्हा ताब्यात घेतलं' ही बातमी वर्तमानपत्रात एका ओळीत येते. मी बत्तीस वर्षं सैन्याच्या अभियंता दलात होतो, सॅपर म्हणून. ती ओळ वाचली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो तिथल्या घरांचा. भिंती विटांच्या की काँक्रीटच्या? तळघरं आहेत का? नदीवर पूल किती? शहरातली लढाई किती दिवस चालणार, हे बहुतेक वेळा या उत्तरांवर ठरतं. निवृत्तीनंतर मी ज्या लढायांचा बारकाईने अभ्यास केला, त्यांत फिलिपिन्समधल्या मारावीच्या लढाईने मला सगळ्यात जास्त शिकवलं.

मिंदानाओ बेटावरच्या लानाओ सरोवराच्या काठी मारावी वसलं आहे. वस्ती सुमारे 2 लाख, बहुतांश मरानाओ मुसलमानांची. सरोवरातून आगुस नदी निघते आणि शहराचे दोन भाग करत पुढे जाते. 23 मे 2017 रोजी सैन्य आणि पोलीस इथल्या एका घरावर छापा घालायला गेले. आत इस्निलोन हापिलोन होता, अबू सय्याफ या सशस्त्र गटाचा म्होरक्या. इसिसने त्यालाच आग्नेय आशियातला आपला अमीर मानलं होतं. त्याच्याबरोबर शहरात किती माणसं आहेत, याचा अंदाज मात्र साफ चुकला. हापिलोनशी हातमिळवणी केलेल्या ओमर आणि अब्दुल्ला या माऊते बंधूंचे शेकडो बंदूकधारी रस्त्यांवर उतरले. त्यांनी तुरुंग फोडला, दान्सालान कॉलेज जाळलं, चर्चमधून फादर चितो सुगानोब आणि इतरांना ओलीस म्हणून पळवलं. राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते तेव्हा मॉस्कोत होते. त्यांनी तिथूनच मिंदानाओत मार्शल लॉ पुकारला.

आता भिंतींकडे येतो. मरानाओ समाजात 'रिदो' म्हणजे कुळाकुळांमधलं वैर. ते पिढ्यान्‌पिढ्या चालतं. त्यामुळे चार पैसे हाताशी आलेला माणूस घर बांधतो ते गोळी अडेल असं, जाड काँक्रीटच्या भिंतींचं आणि खाली तळघर असलेलं. पैसाही बँकेपेक्षा घरातल्या तिजोरीत ठेवायचा. जून महिन्यात एका घराची झडती घेताना सैनिकांना 5 कोटींहून जास्त पेसो रोख सापडले. शत्रूच्या कुळापासून लेकराबाळांना वाचवण्यासाठी बांधलेली ही घरं बंदूकधाऱ्यांना आयत्या किल्ल्यांसारखी मिळाली. त्यांनी घराघरांमधल्या भिंतींना भोकं पाडली. रस्त्यावर पाऊल न टाकता ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जात. नेमबाज खिडकीत बसत नसे. तो खोलीच्या आत, अंधारात, मागे सरकून बसे, म्हणून बाहेरून दिसतच नसे.

अशा गल्लीत समोरून चालत जाणं म्हणजे मरण. सैन्यालाही भिंतीतूनच वाट काढावी लागते, आणि तिथे सॅपरचं काम सुरू होतं. विटांची भिंत एका स्फोटात माणूस जाईल एवढी फुटते. सळयांचं काँक्रीट तसं फुटत नाही. स्फोटाने काँक्रीट उडतं, सळया जागेवर राहतात. धूर विरला की समोर तुरुंगाच्या गजांसारखी जाळी उभी असते. ती कापायला लागणारी दोन-तीन मिनिटं, जाळीपलीकडच्या माणसाला आपण नेमके कुठे आहोत हे कळलेलं असताना, काढायची असतात. नकाशावर ही मिनिटं कुठेच दिसत नाहीत. मारावीत अशी घरं शेकड्यांनी होती, आणि फिलिपिन्सचं सैन्य कित्येक दशकं लढत आलं होतं ते जंगलात.

नदीवरचे तीन पूल हा लढाईचा कणा होता. 9 जूनला मापांडी पुलाच्या परिसरात घरं साफ करताना 13 मरीन सैनिक मारले गेले. तो पूल हाती यायला जुलै उजाडला, उरलेले दोन सप्टेंबरमध्ये आले. सैनिकांनी चिलखती गाड्यांवर लाकडाच्या जाड फळ्या बांधल्या, रॉकेट पोलादावर आदळण्याआधीच फुटावं म्हणून. फळ्यांनी किती फरक पडला यावर तज्ज्ञांत वाद आहेत. त्या बांधणाऱ्यांवर हसणाऱ्यांचा मात्र मला राग येतो. गाडीच्या आत जो बसतो त्यालाच तो हिशेब विचारावा.

पायदळाने जाऊन भिंत फोडायची तर जवान जातात. ते वाचवायचे तर वरून बॉम्ब टाकायचा. मारावीत बॉम्ब टाकले गेले, महिनोन्‌महिने. 31 मे रोजी एका विमानाचा बॉम्ब चुकला आणि स्वतःचेच किमान 10 सैनिक गेले. त्या सेनापतींच्या जागी मी असतो तर वेगळा निर्णय घेतला असता, असं मी म्हणणार नाही. पण त्या निर्णयाची किंमत ज्याचं घर होतं त्याने मोजली, आणि त्याला कुणीही विचारलं नव्हतं.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काश्मीर खोऱ्यातल्या एका गावात दोन अतिरेकी एका घरात अडकले होते. घराचा म्हातारा मालक आमच्याजवळ येऊन बसला आणि काटकीने मातीत घराचा आराखडा काढू लागला. जिना इथे, मक्याची कणगी इथे, ही भिंत नुसती मातीची, ही दगडी. त्याच्या आराखड्यामुळे माझी माणसं जिवंत परतली. स्फोटकांचं माप मात्र मी चुकवलं. भीतीपोटी जास्त लावली. एक भिंत पाडायची होती, शेजारच्या घराची दुसरीही कोसळली. त्या घरात तेव्हा कुणी नव्हतं, एवढंच नशीब. शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं धैर्य मला झालं नाही. आजही ते माप मी मनात पुन्हा पुन्हा काढतो.

हापिलोन आणि ओमर माऊते 16 ऑक्टोबरला मारले गेले. दुसऱ्या दिवशी दुतेर्तेंनी शहर मुक्त झाल्याचं जाहीर केलं, 23 तारखेला लढाई संपली. पाच महिन्यांत सरकारी बाजूचे 160हून जास्त आणि 900हून जास्त बंदूकधारी मेले, शहरातली आणि आसपासची मिळून साडेतीन लाखांवर माणसं विस्थापित झाली. भारतानेही विस्थापितांसाठी 5 लाख डॉलरची मदत दिली होती.

पण सॅपरचं काम तिथून पुढे. वरून टाकलेला बॉम्ब फुटला नाही तर जमिनीत कित्येक फूट खोल रुततो. वर घराचा ढिगारा पडलेला, खाली जिवंत बॉम्ब. ढिगारा यंत्राने ओढता येत नाही, थोडा थोडा उचलावा लागतो. एप्रिल 2018 मध्ये युद्धक्षेत्रातल्या रहिवाशांना काही दिवसांपुरतं आपलं घर बघायला जाऊ दिलं, तेव्हा लोकांनी ढिगाऱ्यातून भांडी आणि कागदपत्रं वेचून आणली. नुकसानभरपाईचा कायदा व्हायला 2022 उजाडलं.

तरुण सॅपर अजूनही कधी कधी मला भेटायला येतात आणि ढिगाऱ्याखालचा बॉम्ब कसा शोधायचा, हे विचारतात. उपकरणाबद्दल त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती असते. मी त्यांना एवढंच सांगतो की उपकरण लावण्याआधी त्या घराच्या मालकाला शोधून आणा, त्याच्या हातात काटकी द्या, आणि तळघराचा जिना कुठे होता ते विचारा.