उघडता येणारी वस्तू

खंडाळा म्हटलं की पुण्या-मुंबईची माणसं लोणावळ्याकडे बघतात. आमचं खंडाळा ते नव्हे. आमचं सातारा जिल्ह्यातलं, खंबाटकी घाट चढायच्या आधी लागणारं. इथे आमच्या घरात १९९८ पासून व्हॉल्व्हचा एक प्रीअँप्लिफायर चालू आहे. पुण्यातल्या एका निवृत्त तंत्रज्ञांनी तो हाताने बांधून दिला होता. 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर बोलायचं तर मला भाषणापेक्षा हा डबा जास्त उपयोगी पडतो, म्हणून ही पोस्ट जरा लांब होईल. सवडीने वाचा.

आधी हा डबा करतो काय ते सांगतो. रेकॉर्डवर सुई फिरते तेव्हा तिच्यातून निघणारा सिग्नल असतो साधारण पाच मिलिव्होल्टचा. मोबाईल किंवा रेडिओतून येणाऱ्या सिग्नलच्या मानाने तो शंभर पटींनी लहान. तो वाढवणं हे पहिलं काम. दुसरं काम जास्त नाजूक. रेकॉर्ड कापताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबलेले असतात, नाहीतर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूला दोन गाणीसुद्धा मावणार नाहीत. आणि वरचे स्वर मुद्दाम वाढवलेले असतात, म्हणजे वाजवताना ते खाली आणले की सुईची खरखरही खाली येते. हे प्रमाण १९५४ साली अमेरिकेत ठरलं आणि पुढे जगभर रुळलं. प्रीअँप ते उलटं करून मूळ आवाज परत देतो. हे काम चार-दोन रेझिस्टर आणि कंडेन्सर करतात. त्यांच्या किमती वयोमानाने सरकल्या की डग्ग्याचा घुमारा जातो आणि तबला पत्र्यावर वाजवल्यासारखा वाटतो.

वडिलांच्या रेकॉर्ड्स होत्या म्हणून हा खटाटोप. त्यात शाहीर साबळे आहेत. ते घाटापलीकडच्या पसरणीचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. त्यांचं बरंचसं आज मोबाईलवर मिळतं, पण वडिलांच्या कपाटातलं सगळं मिळत नाही. जे मिळत नाही त्याच्यासाठी डबा जिवंत ठेवायचा, एवढा साधा हिशेब.

आता निगा. लोक विचारतात, "व्हॉल्व्ह सारखे उडत असतील ना?" नाही उडत. ईसीसी ८३ जातीचा लहान व्हॉल्व्ह चांगला असेल तर दहा हजार तास चालतो असं धरतात. रोज एक तास ऐकलं तर सत्तावीस वर्षं. माझे एवढ्या वर्षांत तीन बदलले. त्यातला एक 'मायक्रोफोनिक' झाला होता, म्हणजे पेन्सिलीने काचेवर हलकी टिचकी मारली की स्पीकरमधून 'टण्' ऐकू यायचं. बाकीचे दोन हळूहळू मंदावले. खरे म्हातारे होतात ते कंडेन्सर. उष्णतेने ते आतून सुकतात आणि मग गाण्याच्या मागे 'घूंऽऽ' सुरू होतं. ते मी दोनदा बदलून घेतले.

उरलेलं सगळं आपल्या हवापाण्याचं. पावसाळ्यात सॉकेटच्या पितळेवर काळपट थर धरतो. गणपतीच्या आधी व्हॉल्व्ह उपसून पिना स्पिरिटने पुसायच्या, हा आमच्याकडचा वार्षिक कार्यक्रम. डबा गरम राहतो म्हणून थंडीत पाल आत शिरते. उन्हाळ्यात हवेच्या भोकांत कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. भोकांवर आतून बारीक जाळी लावली तेव्हा दोघींचा प्रश्न मिटला. आवाजात घरघर आली की पहिल्यांदा अर्थिंग बघायचं. मीठ-कोळशाचा खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडा पडतो. त्यात दोन बादल्या पाणी ओतलं की निम्म्या वेळा घरघर थांबते.

विजेची गोष्ट वेगळी. व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात, दहा टक्के कमी-जास्त चालतात. वस्तीवर शेतीपंप सुरू असले की घरातला दाब पडतो, पंप बंद झाले की उसळतो. मी मोजलं तेव्हा हीटरवर एकदा ५.४ आणि त्याच रात्री पुढे ६.९ भरले. म्हणून स्टॅबिलायझर. त्यावर खर्च केला आणि व्हॉल्व्हचं आयुष्य वाढलं.

हे वाचून कुणाला हौस आली तर एक इशारा. अशा डब्यात अडीचशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये तो काही वेळ टिकून राहतो. माहीतगार माणूस शेजारी नसेल तर झाकण उघडू नका.

आणि इथेच मुद्द्यावर येतो. झाकणाला चार साधे स्क्रू आहेत. झाकणाच्या आतल्या बाजूला हाताने काढलेलं सर्किट चिकटवलेलं आहे. प्रत्येक ठिकाणी किती व्होल्ट यायला हवेत तेही लिहिलेलं आहे. ज्यांनी बांधला ते आता नाहीत, पण तो कागद वाचून दुसऱ्या माणसाला काम करता येतं. गेली वीस वर्षं ते काम वाईचे एक मेकॅनिक काका करतात.

काकांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. रेडिओ बाळगायला पोस्टातून लायसन्स घ्यावं लागायचं, त्या काळात ते हे काम शिकले. आयटीआयमध्ये तेव्हा 'मेकॅनिक रेडिओ अँड टीव्ही' असा ट्रेड असायचा. काकांकडे एक वही आहे. कुठल्या रेडिओत काय बिघडतं, त्यावर काय केलं, कुठला पार्ट कुणाच्या जागी चालतो, हे सगळं तारखेसह. येत्या दिवाळीनंतर ते दुकान बंद करणार आहेत. मला वाटलं, पार्ट मिळत नाहीत म्हणून. व्हॉल्व्हच्या बाबतीत तशी भीती खोटीही नाही. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एकेकाळी रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले, त्यातला शिल्लक माल मी पुण्यात पासोड्या विठोबाजवळ शोधून आणलेला आहे. आज जगाला लागणारे लहान व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात. मार्च २०२२ मध्ये युद्धामुळे रशियाचा पुरवठा अडकला तेव्हा सगळीकडे किमती चढल्या. तरीही पैसे मोजले तर व्हॉल्व्ह मिळतो.

काका म्हणाले, "दादा, पार्ट नाहीत म्हणून नाही हो बंद करत. पार्ट काय, शोधले की मिळतात. पण आता दुकानात जे येतं ते उघडतच नाही. चिकटवलेलं असतं. उघडलं तर आत काय कशाला जोडलंय ते सांगणारा कागद नाही. मग मी करू काय, नुसतं बघत बसू?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कारण हा प्रश्न माझ्या गाण्यांपुरता नाही.

आमच्या विहिरीवरच्या मोटरचा जुना स्टार्टर लोणंदला दुरुस्त व्हायचा. कॉन्टॅक्ट घासायचे, कॉइल बदलायची, संध्याकाळी पाणी चालू. आता मोबाईलवरून चालणारा कंट्रोलर बसवला आहे आणि सोयीचा आहे, नाकारत नाही. रात्री दोनला बॅटरी घेऊन विहिरीवर जावं लागत नाही. पण मागच्या उन्हाळ्यात तो बंद पडला तेव्हा उत्तर मिळालं, "पूर्ण बोर्ड बदला, आठ दिवस लागतील." बिघडला होता एक रिले. बाजारात तसे रिले ढिगाने मिळतात. पण बोर्डावर काळं रसायन ओतून सगळं बुजवलेलं. पाणी आत जाऊ नये म्हणून ते ओततात हे मान्य, पण रिले तेवढा बाहेर ठेवता आला नसता का? आठ दिवस कांदा तहानलेला उभा होता. व्हॉल्व्ह गेला तर माझं गाणं थांबतं, कंट्रोलर गेला तर पीक वाळतं.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने चार क्षेत्रं निवडली: शेतीची अवजारं, मोबाईल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं. २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचं पोर्टल सुरू झालं. शेतीची अवजारं यादीत आली हे चांगलंच झालं. पण दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग देणं उत्पादकाला बंधनकारक करणारा स्वतंत्र कायदा अजून आपल्याकडे नाही. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले, त्यांचा मुख्य भर वस्तू भंगारात गेल्यावर तिचं काय करायचं यावर आहे. माझं म्हणणं, ती भंगारात जाऊच नये यासाठी आधी काय करायचं ते ठरवा. फ्रान्सने जानेवारी २०२१ मध्ये मोबाईल, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापणं बंधनकारक केलं होतं. आपण फ्रिज घेताना विजेचे तारे बघतोच की. तसेच हेही बघू.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. मोबाईलची चिप म्हणजे व्हॉल्व्ह नव्हे, ती काका काय, कुणीच उघडू शकणार नाही. कबूल. पण बॅटरी, चार्जिंगची जागा, रिले, पंखा, बटण हे चिप नाहीत. आणि बहुतेक वस्तू आधी मरतात त्या याच भागांनी.

म्हणून तीन मागण्या. एक, शेतीला लागणाऱ्या प्रत्येक विजेच्या उपकरणासोबत सर्किटचा कागद मिळावा, मराठीत. दोन, वस्तू किती वर्षं सुट्या भागांसह सांभाळली जाईल ते खोक्यावर छापावं. तीन, तालुक्याच्या आयटीआयने काकांसारख्या माणसांना मानधन देऊन वर्षातून काही दिवस तरी शिकवायला बोलवावं.

तिसरी मागणी दिल्लीची वाट बघणारी नाही. आयटीआयला अर्ज मी लिहून ठेवला आहे. खंडाळा, वाई, फलटण भागातल्या ज्यांना सही करायची आहे त्यांनी कमेंटमध्ये गावाचं नाव टाका. आणि तुमच्या गावात असा कुणी मेकॅनिक असेल, त्याची वही असेल, तर दिवाळीच्या आत त्या वहीचे फोटो काढून ठेवा. काकांच्या वहीची एकशे चाळीस पानं झाली, साठेक उरली आहेत.