केसभर जागा



आपल्या पिढीतल्या बहुतेक घरांत एखादी तरी बजाज स्कूटर होऊन गेली आहे. पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ साली चेतक बाहेर पडली, तेव्हा पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची अशी रीत होती. आमच्या सासऱ्यांनी नंबर लावला तेव्हा माझे लग्नही झाले नव्हते. गाडी दारात आली तेव्हा थोरली मुलगी रांगत होती. वाशीमहून शिरपूरला दर्शनाला, कारंज्याला नातेवाइकांकडे, आम्ही चौघे तिच्यावरूनच जात असू. मुलगा पुढे उभा, मुलगी मध्ये आणि माझ्या मांडीवर डब्याची पिशवी.

दोन वर्षांपूर्वी यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. स्कूटर चालवणे बंद झाले, मग चेकवरची सही जमेना, मग दुकानात जाणेही सुटले. स्कूटर तर त्याआधीच इंजिन जाम होऊन अंगणात उभी होती. मुलगा पुण्याहून म्हणाला, "बाबा, विकून टाका." हे काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी मला म्हणाले, "अगं, मिस्त्रीला बोलाव. इंजिन पूर्ण बांधून घेऊ."

मंदिरात एका ताईंनी मला सरळच विचारले, "चालवणार कोणी नाही, तर खर्च कशाला? आपल्या धर्मात अपरिग्रह सांगितला आहे ना?" प्रश्न वाजवी होता. मी कॉमर्सची पदवीधर. घसारा लावत गेले तर या गाडीची पुस्तकी किंमत कधीच शून्य झाली आहे. पण मला दिसत होते ते वेगळे. वर्षभरात पहिल्यांदा यांनी स्वतःहून काहीतरी मागितले होते. वहीत मी तो खर्च "वाहन" या सदरात टाकला नाही, "औषधपाणी" या सदरात टाकला.

मिस्त्री यांच्या ओळखीचाच. क्रँकची बेअरिंगे आणि ऑइल सील त्याने दुकानात बसवून आणली. बेअरिंग ठोकून बसवत नाहीत. ॲल्युमिनियमची केस तापवली की जागा किंचित मोठी होते आणि बेअरिंग अलगद आत उतरते. काचेच्या बरणीचे घट्ट झाकण आपण गरम पाणी ओतून सैल करतो ना, तसेच. वरचे काम मात्र आमच्या ओसरीवर करायचे ठरले, म्हणजे यांना समोर बसता येईल.

माझी अट एकच होती, काम दिवसाउजेडी करायचे. सुटे भाग धुवायला थाळीत डिझेल घेतात. संध्याकाळी दिवा लावला की त्यात चिलटे, पाखरे पडतात. म्हणून थाळीवर जाळी, आणि सूर्यास्ताच्या जेवणाआधी सगळे आवरायचे. मिस्त्री आधी हसला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "काकू, झाकण ठेवल्याने भागांवर धूळही बसत नाही." यत्नाचार म्हणजे तरी दुसरे काय?

आता मुख्य गोष्ट. या इंजिनाला थंड करायला पाणी नसते. मॅग्नेटच्या चाकालाच पंख्याची पाती असतात. तो वारा पत्र्याच्या आवरणातून ब्लॉकच्या पाकळ्यांवर फिरतो. आपल्याकडच्या मे महिन्यात तो वाराही गरमच! ब्लॉक बिडाचा, पिस्टन ॲल्युमिनियमचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगते. मी वहीत गणित मांडले. पिस्टन ५७ मिलिमीटरचा. दोघेही १०० अंशांनी तापले तर पिस्टन साधारण ०.१२ मिलिमीटरने वाढतो आणि बोअर ०.०६ ने. फरक जेमतेम एका केसाएवढा. शिवाय पिस्टन आगीच्या तोंडाशी असल्याने तो ब्लॉकहून जास्त तापतो. म्हणजे थंड असताना दोघांत नीट मोजून जागा ठेवावीच लागते. कमी ठेवली तर इंजिन तापल्यावर पिस्टन जागीच अडकतो. जास्त ठेवली तर आवाज येतो, दम राहत नाही. म्हणून आधी ओव्हरसाइज पिस्टन आणला आणि त्याच्या मापाने अकोल्याला ब्लॉक बोअर करून घेतला.

रिंगांचेही तसेच. प्रत्येक रिंग एकटीच बोअरमध्ये सरकवून तिच्या दोन टोकांतली फट फिलर गेजने मोजायची. ०.२ ते ०.३ मिलिमीटरच्या आसपास हवी. टोके एकमेकांना टेकली तर रिंगेला वाढायला वाव राहत नाही. पिस्टनच्या खाचेत एक बारीक पिन असते, रिंगेची टोके तिच्याच दोन्ही बाजूंना यायला हवीत. नाहीतर ती ब्लॉकमधल्या खिडकीत अडकून तुटते. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. हे सगळे हे तोंडाने सांगत होते. मिस्त्रीही अदबीने ऐकत होता.

गजन पिन बसली आणि तिचे लॉक बसवायची वेळ आली. तारेचे ते इवलेसे कडे चोचीच्या पकडीत धरून खाचेत बसवायचे असते. ते सुटून आत पडू नये म्हणून खाली केसच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबलेले असते. यांनी पक्कड मागितली. हात थरथरला, कडे उडून फडक्यावर पडले. पुन्हा घेतले, पुन्हा पडले. मिस्त्री मान खाली घालून पाना पुसत बसला. माझा हात पुढे झाला होता, पण मी थांबले. तिसऱ्या वेळी यांनीच पक्कड माझ्यापुढे केली. मी विचारले, "कुठून धरू?" ते म्हणाले, "तांदळातला खडा धरतेस तसे. जोर लावू नको, फिरवत आत सोड." कडे खाचेत गेले. "नखाने फिरवून बघ," हे म्हणाले. फिरले. "बसले," ते म्हणाले, आणि किती तरी दिवसांनी त्यांच्या आवाजात दुकानातला तो जुना ठामपणा होता. दुसऱ्या बाजूचे लॉकही मीच बसवले.

हेडचे चार नट समोरासमोर आवळतात, थोडे थोडे करून. गच्चीवर डाळीसाठी ताडपत्री पसरताना आपण समोरासमोरची टोके ओढतो, एकच ओढली तर सुरकुती पडते. तसेच हे.

मैत्रिणींनो, ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. शर्टाची बटणे लावून देणे, घास भरवणे, सही आपणच करून टाकणे, हे सगळे प्रेमापोटीच होते. पण जागाच ठेवली नाही तर माणूस आतून जाम होतो. आणि फार लांब राहिलो तर त्याला एकटे वाटते. किती जवळ जायचे, ते रोज नव्याने मोजावे लागते, कारण रोजचे तापमान वेगळे असते. आता बटणे लावताना यांचा हात थरथरला तर मी शेजारी उभी राहते आणि बोलावले तरच पुढे होते. पाच मिनिटे जास्त लागतात, लागू देत.

स्कूटर चौथ्या किकला सुरू झाली. सध्या रनिंग-इन चालू आहे: पेट्रोलमध्ये ऑइल थोडे जास्त, वेग कमी, मागे कोणी बसायचे नाही. दर रविवारी सकाळी पुतण्या रिसोड नाक्यापर्यंत फेरी मारून आणतो. हे ओसरीवर बसून आवाज ऐकतात आणि त्याला सांगतात, "तिसऱ्यात लवकर टाकतोस, जरा थांबत जा."

जय जिनेंद्र.