शिवोलीस नेलेल्या ध्वनिफिती

गोव्याच्या बार्देश तालुक्यात, म्हापशाजवळ, शापोरा नदीच्या तीरी शिवोली गाव वसले आहे. माडांच्या राया, जांभ्या दगडाची जुनी घरे आणि संत अंतोनीचे शुभ्र मंदिर ही त्याची ओळख. २४ जून रोजी, संत योहान बाप्तिस्ताच्या सणाला, डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घातलेली मंडळी शृंगारलेल्या होड्यांतून गात-वाजवीत येथे येतात.

या गावचे गायक रेमो फर्नांडिस यांना मुंबईच्या कंपन्यांनी नकार दिला, तेव्हा १९८४ साली त्यांनी ‘गोअन क्रेझी’ ही ध्वनिफीत राहत्या घरीच तयार केली. एकाच फितीवर चार आवाज निरनिराळे भरता येतील असे छोटे यंत्र त्यांच्यापाशी होते. वाद्ये त्यांनीच वाजविली आणि पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी फितीही त्यांनीच पोहोचविल्या.

ही वार्ता खानापूर तालुक्यातील आमच्या खेड्यापर्यंत आली होती. तेथे आम्ही चौघे मित्र लग्नांत व सणांत वाजवीत असू : दोन गिटार, एक व्हायोलिन, एक ढोल. १९९८ च्या उन्हाळ्यात आम्हीही स्वतः रचलेली आठ गाणी भरली. चार आवाजांचे यंत्र आम्हांस कोठले? साधा टेपरेकॉर्डर मध्ये ठेवून चौघे भोवती बसलो. गावची पिठाची गिरणी थांबली की काम सुरू होई; एकाचा सूर ढळला की सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून. एका गाण्यात व्हायोलिनवाल्याच्या घरचा कुत्रा भुंकला. पहाट होत आली होती, म्हणून ते तसेच राहिले. प्रती काढणे त्याहून चिकाटीचे. अर्ध्या तासाच्या फितीची प्रत उतरण्यास अर्धा तासच लागे. चाळीस प्रतींना चार रात्री गेल्या.

त्या पिशवीत घालून सणाच्या आदल्या दिवशी आम्ही अनमोड घाट उतरलो व मोले, फोंडा, पणजी, म्हापसा करीत शिवोलीस पोहोचलो. सणाच्या सकाळी पाऊस कोसळत होता. एका दुकानाच्या पडवीत आम्ही फिती मांडल्या. मासळी विकणारी एक म्हातारी थांबून म्हणाली, “पयलीं गावन दाखय, पुता.” आम्ही तेथेच गायलो. तिने मान डोलावली आणि नातवासाठी पहिली फीत घेतली. सायंकाळपर्यंत सतरा खपल्या. बसभाडे सुटले, कोऱ्या फितींचे पैसे मात्र अंगावर राहिले.

हा पोट भरण्याचा मार्ग नव्हता. वर्षभरात दोघे आखातात गेले, एक जहाजावर लागला व आम्ही सेमिनरीत दाखल झालो.

व्हायोलिनवाला २००९ साली परदेशीच वारला. त्याच्या आईने एक फीत जपून ठेवली होती. परंतु ती वाजवावी कशावर? गेल्या वर्षी बेळगावात एक जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आम्ही तिच्याकडे नेला. कुत्र्याचा आवाज येताच ती हसून म्हणाली, “हा तर आमचा मोत्या!” पुढे मुलाचे व्हायोलिन लागले, आणि ती संपेपर्यंत काही बोलली नाही.

वाचकहो, आपल्या घरी कोणाच्या गाण्याची वा बोलण्याची अशी घरगुती फीत पेटीत पडून असेल, तर पावसाळ्यापूर्वी काढून पाहा. दमट हवेने फितीस बुरशी धरते. जाणत्याकडून तिची नवी प्रत वेळीच करून घ्यावी. कारण अशा फितीची दुसरी प्रत कोणत्याही दुकानात मिळावयाची नाही.