पाताळातलं हेडऑफिस

यमराज हा आपला माणूस. म्हणजे माणूस नव्हे, पण आपला. बौद्ध धर्माबरोबर तो चीनला गेला आणि तिथे त्याचा यानलो झाला. जपानला पोचेपर्यंत एम्मा. परदेशी गेलेल्या आपल्या पोरांचंही असंच होतं. पण इथे एकटा मालक असलेल्या या गृहस्थाला चिन्यांनी दहा राजांतला पाचवा करून टाकला. दहा राजे, दहा कचेऱ्या. पहिल्याकडे छाननी, दहाव्याकडे पुनर्जन्माचं डिस्पॅच. निघताना मेंग नावाची म्हातारी एक काढा पाजते, की मागचं सगळं साफ विसरलं! आमच्या ब्रँचमधून बदली होऊन जाणाऱ्यांना हा काढा कोण पाजतं, याचा मला अजून पत्ता लागलेला नाही.

१५९२ साली छापलेल्या 'पश्चिमेची यात्रा' या चिनी कादंबरीत या कचेरीचं इन्स्पेक्शन आहे. सुन वुकाँग नावाचं वानर तिथे घुसतं, रजिस्टर मागतं. नोंद क्रमांक १३५०, आयुष्य ३४२ वर्षं. पठ्ठ्या शाईने आपलं नाव खोडतो, वर जातभाई वानरांचीही खोडतो. दहाही राजे हात जोडून उभे. 'खाडाखोडीवर सही करा' म्हणायची एकाची छाती होत नाही.

पण खरा कारकून पुढे भेटतो. सम्राट ताइझुंग मरून खाली जातो तो खिशात चिठ्ठी घेऊनच. त्याच्या मंत्र्याची, तिथल्या छुई नावाच्या अधिकाऱ्याला. जुने स्नेही. अधिकारी वही काढतो, तर राज्याच्या तेराव्या वर्षी खातं बंद! चिनी लिपीत एक म्हणजे एक आडवी रेघ, तीन म्हणजे तीन. हा हळूच दोन रेघा ओढतो. तेराचे तेहेतीस. सम्राट वीस वर्षं बोनस घेऊन घरी.

आता मी नोकरीला लागलो तेव्हा लेजरं शेवटचे श्वास घेत होती, तरी आकडा गिरवला म्हणून साहेबाने सगळ्यांदेखत झाडलेला माणूस मी पाहिला आहे. असल्या गोष्टीची मला चीड यायला हवी. येत नाही. दादांचा शेवटचा आठवडा इस्पितळात गेला. डॉक्टर रोज फाईल उघडायचे, मिटायचे. वीस वर्षं कोण मागतंय हो? दोन महिने पुरले असते. नातीचं बारसं तोंडावर होतं. पण आमच्या देवनागरीत एकाचे तीन करायचे तर कागदच बदलावा लागतो, आणि चिठ्ठी द्यावी असं त्या ब्रँचला ओळखीचंही कुणी नव्हतं.

त्या लोकांची खाली रीतसर बँकसुद्धा आहे. नातेवाईक पितरांसाठी कागदी नोटा जाळतात, एकेक नोट लाखांची, कोटींची. केवायसी नाही, नॉमिनी नाही. परतताना ताइझुंगला भुकेल्या भुतांनी अडवलं, तेव्हा सम्राटाच्या खात्यावर दमडी नव्हती. काइफंगचा एक गरीब पाणी विकणारा मात्र पोटापुरतं ठेवून उरलेल्या पैशाचे असे कागद जाळायचा. त्याच्या नावावर सोन्यारुप्याची तेरा कोठारं निघाली! सम्राटाने त्यातलं एक उसनं घेतलं, छुईसाहेब जामीन राहिले. वर आल्यावर सोनं परत करायला माणूस धाडला, तर नवराबायको घाबरून जमिनीवर लोळण घेऊ लागले. आम्ही नाही कुणाला दिलं, आम्हाला नको! शेवटी त्या पैशातून देऊळ बांधावं लागलं. वसुलीला गेल्यावर 'आम्ही नाही घेतलं' असं म्हणणारे मी पुष्कळ पाहिले. 'आम्ही नाही दिलं' म्हणणारं गिऱ्हाईक अजून काउंटरवर यायचं आहे.