पुन्हा एकदा ‘एल’ची पाटी

आरटीओच्या खिडकीपलीकडच्या बाईंनी लायसन उलटसुलट करून पाहिलं आणि परत त्याच्या हातात ठेवलं.

‘‘हेवीची मुदत ऑगस्ट २०१८ मध्ये संपलीय. वर्षाच्या आत आला असतात तर नूतनीकरण झालं असतं. आता टेस्ट द्यावी लागेल.’’

टेस्ट? आपण चुकीचं ऐकलं, असंच त्याला वाटलं. एकोणीस वर्षं ज्याने सांगलीची हळद दिल्लीला नेली, तासगावची द्राक्षं कोलकात्याला पोचवली, त्याची टेस्ट? मागे रांगेत उभी असलेली विशीतली पोरं हसली. निदान त्याला तरी तसा भास झाला.

‘‘मॅडम, पाच वर्षं चालतं की. अजून दोन महिने शिल्लक आहेत माझे.’’

‘‘चालायचं. आता नाही. पुढचे या.’’

हे जून २०२३ मधलं. त्याचं गणित एकेकाळी बरोबर होतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार लायसन संपून पाच वर्षं उलटल्यावरच पुन्हा परीक्षेचा प्रश्न यायचा. २०१९ च्या दुरुस्तीने ती पाच वर्षं एका वर्षावर आणली. त्याच दुरुस्तीने मालवाहू गाडीच्या लायसनची मुदत तीन वर्षांवरून पाच केली, म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने घेतलं. पण २०१९ साली हा माणूस कायद्याच्या बातम्या वाचण्याच्या मनःस्थितीत होता कुठे?

फेब्रुवारी २०१७ मध्ये तो माल उतरवून इंदूरहून परतत असताना घरून फोन आला. बायको न्हाणीघरात पडली होती. अर्धांगवायू. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एका सकाळी गेलं. मुलगी अकरा वर्षांची, घरात दुसरं मोठं माणूस नाही. महिन्यातले बावीस दिवस रस्त्यावर असणाऱ्या ड्रायव्हरने मग काय करावं? त्याने गाडीची चावी शेठच्या टेबलावर ठेवली. हळदीच्या एका वखारीत पोत्यांची मोजदाद करायचं काम धरलं. पगार निम्म्याहून कमी, पण संध्याकाळी सहाला घरी. मिरजेच्या दवाखान्याच्या फेऱ्या, मालिश, बाराखडीपासून पुन्हा बोलायला शिकवणं... सहा वर्षं अशी गेली. २०२३ पर्यंत ती काठी घेऊन चालू लागली, चहा करू लागली, नवऱ्याला दटावण्याइतकं बोलूही लागली. मुलगी बारावी झाली, नर्सिंगला जायचं म्हणत होती. पतपेढीचं कर्ज मात्र होतं तिथेच होतं. जुन्या शेठने निरोप पाठवला, ‘नवी गाडी घेतोय, येतोस का? दिवाळीपर्यंत थांबतो.’

दिवाळीपर्यंत! म्हणजे हातात जेमतेम पाच महिने.

आपल्याकडे ड्रायव्हर घडतो कसा, हे ठाऊक असलेल्यालाच त्या खिडकीसमोरची त्याची अवस्था कळेल. तो सातवी पास. अठराव्या वर्षी क्लीनर म्हणून गाडीवर चढला. काचा पुसल्या, चाकांखाली दगड लावले, उस्तादाच्या शिव्या खाल्ल्या. रात्री उस्तादाला डुलकी आली की स्टिअरिंग हाती यायचं, तीच शाळा. हेवी लायसन १९९८ साली एजंटाने काढून दिलं, परीक्षा अशी झालीच नाही. २००७ पासून अशा लायसनला आठवी पासची अट लागली तेव्हा ‘आपण वेळेत सुटलो’ म्हणून तो खूश झाला होता. ती अटही २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. त्यामुळे शिक्षण कमी म्हणून आज कुणी अडवत नाही. अडवलं ते गॅपने.

पहिला अडथळा तर टेस्टच्याही आधी आला. मालवाहू गाडीच्या लायसनला वय कितीही असो, नमुना १-अ मधलं डॉक्टरी प्रमाणपत्र लागतं. लाल-हिरवा ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, ऐकू येतं का, २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, अशी ती तपासणी. अनेकांच्या लेखी हा शिक्का मारून घेण्याचा कागद. त्यालाही कुणीतरी दोनशे रुपयांत शिक्का देणारा डॉक्टर सुचवला होताच. तो निघालाही होता.

बायकोने काठी आडवी धरली. ‘‘अहो, डोळा... दाखवा.’’

तिने महिनाभर पाहिलं होतं. रात्री स्कूटरवर समोरून गाडी आली की तो थांबायचा. समोरचे दिवे त्याला फुटलेल्या काचेसारखे पसरलेले दिसायचे. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून करायचं काय? ड्रायव्हरने डोळ्याची तक्रार करायची म्हणजे हलवायाने गोडाची शिसारी आल्याचं सांगण्यासारखं! अखेर सरकारी रुग्णालयात डोळा दाखवला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. शस्त्रक्रिया मोफत झाली, भिंग बसलं. दीड महिना मोडला, पण नंतर त्याने जे प्रमाणपत्र घेतलं ते खऱ्या तपासणीचं. शिक्क्याचा कागद घेऊन तो रात्रीच्या महामार्गावर उतरला असता तर? या विचाराने मुलीच्या अंगावर अजून काटा येतो.

मग ड्रायव्हिंग स्कूल. सरकारने २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची योजना आणली आहे. तिथे जड वाहनांचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो, सिम्युलेटर असतो, स्वतंत्र ट्रॅक असतो आणि तिथून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची टेस्ट माफ असते. पण ते सोयीच्या अंतरावर हवं ना! त्याने घराजवळच्या साध्या स्कूलची वाट धरली.

पहिल्या दिवशी स्कूलच्या जुन्या ट्रकवरची लाल ‘एल’ची पाटी पाहून त्याने तोंडावर गमछा गुंडाळला. ओळखीचं कुणी भेटलं तर? शिकवणारा मास्तर तिशीतला, गाडीत बसलेली बाकीची पोरं त्याच्या मुलीपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी. ‘‘काका, तुम्ही चालवा, आम्ही बघतो,’’ म्हणून मास्तरने सरळ स्टिअरिंग दिलं. गाडी लोण्यासारखी निघाली. पोरं गप्प झाली. त्याची छाती फुगली... आणि पहिल्याच उतारावर हात सवयीने गिअरवर गेला. न्यूट्रल.

‘‘काका! गाडी बाजूला घ्या.’’

उतार दिसला की न्यूट्रल मारायचं आणि डिझेल वाचवायचं, ही या धंद्यातली पिढीजात अक्कल. वाचलेलं डिझेल ड्रायव्हरच्या खिशात जायचं, हेही उघड गुपित. मास्तर शांतपणे सांगत होता. गाडी गिअरमध्ये असली की इंजिनच तिला धरून ठेवतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापतात, तापले की पकडत नाहीत. आणि नव्या इंजिनात तर गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेलचा पुरवठा आपोआप तुटतो, म्हणजे वाचवायलाही काही उरत नाही.

‘‘नवले पूल आठवतो का, काका?’’

त्याला आठवत होता. नोव्हेंबर २०२२. कात्रजच्या नव्या बोगद्यातून पुण्याकडे उतरणाऱ्या एका ट्रकने पुलाजवळ चाळीसहून अधिक गाड्या चिरडल्या. ब्रेक फेल झाल्याचं आधी बोललं गेलं. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती, असं प्राथमिक तपासात पुढे आलं. तो उतार त्याचा रोजचा. शेकडो वेळा तो तिथून तसाच उतरला होता. काही झालं नाही, एवढंच. त्या संध्याकाळी घरी आल्यावर तो जेवला नाही. बायकोने कारण विचारलं तेव्हा म्हणाला, ‘‘एकोणीस वर्षं मी ड्रायव्हर नव्हतो, नशीबवान होतो.’’

सवय मोडायला तीन आठवडे लागले. शिकणाऱ्या पोराला नवं शिकायचं असतं, याला आधी जुनं विसरायचं होतं. एका हाताने स्टिअरिंग, सिग्नलऐवजी खिडकीतून क्लीनरचा हात, आरशापेक्षा कानावर भिस्त... ब्रिटनमध्ये मालवाहू गाडी चालवणाऱ्याला दर पाच वर्षांत ३५ तासांचं प्रशिक्षण घ्यावंच लागतं, मग तो कितीही मुरलेला असो. आपल्याकडे कागदाची मुदत बघतात, माणसाची नाही. त्याच्या बाबतीत कायद्याने मुदत कमी केली म्हणून योगायोगाने माणूसही तपासला गेला!

ऑक्टोबरमध्ये टेस्ट झाली. चढावर गाडी थांबवून मागे न घसरता पुन्हा उचलायची, रिव्हर्स घ्यायची, उतारावर वेळेत खालचा गिअर टाकायचा. चढ त्याने अलगद काढला. रिव्हर्सला घाबरून एकदा इंजिन बंद पडलं, तेव्हा कपाळावरचा घाम मोजण्यासारखा होता. निरीक्षकाने काही न बोलता खूण केली. पास.

नव्या गाडीत बसल्यावर मात्र दुसरी शाळा सुरू झाली. त्याने गाडी सोडली तेव्हा मुंबईच्या जकात नाक्यावर रात्र काढावी लागत असे. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि नाके गेले. मग ई-वे बिल आलं, फेब्रुवारी २०२१ पासून टोलला फास्टॅग सक्तीचा झाला. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीला डिझेलच्या टाकीशेजारी युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते, हे त्याला डॅशबोर्डवर दिवा पेटल्यावर कळलं. चहाच्या टपरीवरून मुलीला फोन केला, तिने मोबाइलवर शोधून सांगितलं.

पुढची इयत्ता तिनेच घ्यायला लावली. ज्वालाग्राही, घातक माल वाहून नेणाऱ्या टँकरला पगार जास्त, पण त्यासाठी तीन दिवसांचा खास अभ्यासक्रम आणि लायसनवर तशी नोंद लागते. ती नोंद तीन वर्षांची असते. शिवाय एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवी. इंग्रजी! सातवी पास माणूस सत्तेचाळिसाव्या वर्षी चाररेघी वही घेऊन बसला. सुट्टीवर आलेली मुलगी मास्तरीण. टँकरच्या मागच्या फलकावरचे आकडे तिने पाढ्यासारखे पाठ करून घेतले. १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ म्हणजे एलपीजी, १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ म्हणजे क्लोरिन. शेजारी बसलेली आईही तेच आकडे पुटपुटायची. तिची जीभ अजून अडखळते, पण ‘क्लोरिन’ ती स्पष्ट म्हणते.

पहिल्या खेपेची गोष्ट मात्र राहिलीच. दिवाळीच्या आधीची रात्र, हळदीची भरती, मुंबईकडे. पहाटे साडेतीनला तो कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडला. समोर पुण्याचे दिवे, खाली लांबलचक उतार. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत होती. मागचा ट्रक हॉर्न मारमारून थकला आणि शिवी हासडून बाजूने पुढे गेला, त्याच्या इंजिनाचा आवाजच येत नव्हता. याने हात मांडीवर ठेवला, गिअरपासून लांब.

पूल ओलांडल्यावर त्याने पहिली मोकळी जागा पाहून गाडी उभी केली आणि घरी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

‘‘पूल... गेला?’’ तिने विचारलं.

‘‘गेला. झोप आता.’’