गोरेगावचे हाली रुपये

गोरेगाव म्हटलं की मुंबईची लोकल आठवते, नाही का? पण मैत्रिणींनो, आमचं गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तालुक्याची शीव ओलांडली की वऱ्हाड, तिथे कारभार इंग्रजांचा. म्हणून इकडच्या जुन्या डब्यांत दोन्ही नाणी सापडतात, संस्थानचा ‘हाली’ आणि इंग्रजांचा ‘कलदार’.

आजेसासूबाईंच्या मागे त्यांच्या पितळी डब्यातून बारा रुपये निघाले. वाटेकरी आम्ही तिघी जावा. सराफाने सगळे एकदम तराजूत टाकून एकच भाव सांगितला. धाकटीला मुलाची फी भरायची होती, ती लगेच तयार झाली. मी म्हटलं, “थांब ग, आधी काय आहे ते बघू तर दे!”

आठ हाली निघाले, चार कलदार. हालीवर चारमिनार असतो आणि त्याच्या कमानीत एक उर्दू अक्षर. ‘मीम’ असेल तर नाणं महबूब अली खानाचं, ‘ऐन’ असेल तर उस्मान अली खानाचं. साल हिजरी. शेजारच्या चाचींनी एकावरचं १३३७ वाचून दाखवलं, म्हणजे आपलं १९१८-१९.

आता चांदीचं बघा. त्या काळचा हाली ११.१८ ग्रॅमचा, त्यात शंभरात साधारण ८२ भाग चांदी. कलदार ११.६६ ग्रॅमचा आणि चांदी जवळजवळ ९२ भाग. सात हाली दिले की सहा कलदार मिळत, ते उगीच नव्हे! पण १९४० पासूनच्या कलदारात चांदी निम्मीच, आणि १९४७ चा तर नुसता निकेलचा. आमच्या चारांतले दोन १९४० नंतरचे होते. सगळ्यांना एकच भाव लावून कसं चालेल?

दुर्मिळ नाण्याला लाखो मिळतात, या गोष्टींवर मात्र जाऊ नका. नेहमीच्या सालाचं, झिजलेलं नाणं चांदीच्या किमतीपेक्षा फारसं वर जात नाही. साल वेगळं असेल, अक्षरं ठसठशीत असतील, तर मोडण्याआधी नाण्यांच्या जाणकाराला दाखवावं. आणि बाई, चिंच-राखेने घासू नका; चकचकीत केलेलं नाणं संग्राहकाला नको असतं. माळेसाठी कडी डाखलेलंही नको असतं. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते कुणा पाहुण्याबरोबर परदेशी धाडू नये.

वाटणी झाली ती अशी: धाकटीला दोन जुने कलदार आणि दोन हाली, आम्हा दोघींना तीन-तीन हाली आणि एकेक निम्म्या चांदीचा. मोजायला चार-चारच, पण चांदी तिच्याकडे थोडी जास्त गेली. मोठ्या जाऊबाईंनीच तसं सुचवलं. तिने कलदार दुसऱ्या सराफाकडे, वेगळे तोलून मोडले. कडीवाला हाली माझ्या वाट्याला आला आहे.