रात्रीचे दूध
तान्ह्या बाळाने रात्री किती दूध प्यावे, याचे एकच माप नाही. नवजात बाळाचे पोट लहान असते आणि आईचे दूध लवकर पचते. म्हणून दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजावे लागते, त्यांतल्या काही वेळा रात्रीच्याच. दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री अधिक स्रवते, त्यामुळे रात्रीच्या पाजण्याने आईचे दूध टिकते. पहिले ६ महिने फक्त आईचेच दूध द्यावे. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा-सात लंगोट ओले होणे आणि वजन नीट वाढणे, ही पोट भरत असल्याची खूण. वरचे अन्न रुळल्यावर रात्रीची गरज हळूहळू घटते. घड्याळापेक्षा बाळाची भूक ओळखावी. वजन वाढत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवावे.